बाटल्या नसलेली प्रयोगशाळा

चंद्रभान सरांनी बारा वर्षांत एकही परीक्षानळी फोडली नव्हती, कारण हातातच धरली नव्हती. होते ते रसायनशास्त्राचेच प्राध्यापक. पण त्यांचं रसायनशास्त्र परभणीतल्या कॉलेजच्या कोपऱ्यातल्या खोलीत, एका संगणकाच्या पोटात चालायचं. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते. तिच्यापासून मातीत जिरणारं प्लास्टिक करायला कोणता उत्प्रेरक लागेल, हे ते गणितानं शोधत. एकेक गणित तीन-तीन आठवडे चाले. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न बदलता इतरांना बदलायला लावणारा पदार्थ, असं त्यांनी एकदा समजावलं, तेव्हा प्राचार्य आबासाहेब म्हणाले होते, "म्हणजे मीच की."

आता बढतीसाठी तपासणी समिती यायची होती. तिच्या छापील नमुन्यात रकाने होते: बर्नर किती, नळ किती, रसायनांच्या बाटल्या किती. सरांनी तिन्ही ठिकाणी प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. ते बघून प्रयोगशाळेचे जुने परिचर बन्सीधरमामा कळवळले.

"सर, शून्य लिहून कुणाची बढती झालीय का? तुमी निवांत घरी जा. मी बघतो."

सकाळी सर आले तर टेबलावर चाळीस बाटल्या. लाल, पिवळ्या, निळ्या. खोली चुकली म्हणून ते बाहेर गेले, दारावरची स्वतःच्या नावाची पाटी वाचली आणि परत आत आले. मामांनी खुलासा केला की लाल ते कुंकू, पिवळी हळद आणि निळी ती धुण्याची नीळ. सर "उचला हे" म्हणेपर्यंत समिती दारात उभी.

अध्यक्ष विजयमाला मॅडमनी संगणकाकडे पाहिलंसुद्धा नाही. एक पिवळी बाटली उचलून त्यांनी विचारलं, हे काय? बढती गेलीच, असं त्यांनी धरलं. पण खोटं बोलायचा सराव नव्हता.

"हळदीचं पाणी आहे, मॅडम."

मॅडम सदस्यांकडे वळल्या. "बघा. महागडं काही नाही. सगळं स्थानिक."

या बाटल्यांचा संशोधनाशी संबंध नाही, काम त्या संगणकात आहे, असं सरांनी परोपरीनं सांगितलं. मॅडमनी त्यांच्या नम्रतेची वेगळी नोंद केली. सर जितकं खरं बोलत गेले, तितका शेरा सुधारत गेला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. बढती मंजूर. खाली शिफारस: प्रयोगांशी संबंध नसलेला संगणक कार्यालयाकडे द्यावा व त्या जागी बाटल्यांचं कपाट ठेवावं. आबासाहेबांनी स्वतःच्या हातानं पेढा भरवला. तेवढ्यात सतरा दिवस चाललेलं गणित वायरीसकट दाराबाहेर पडलं. तोंडात पेढा असल्यानं सरांना थांबा म्हणता आलं नाही. आपल्याला आनंद झालाय की काय झालंय, हे त्यांना संध्याकाळपर्यंत उमगेना.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात गेले. लिपिक प्रियंका त्याच संगणकावर रजेचे अर्ज टाइप करत होती. दहा मिनिटं बसू का, असं सरांनी अदबीनं विचारलं. ती संकोचली, पण खुर्ची सोडली नाही.

"सर, तुमी आता मोठे झालात. तुमी कशाला टाइप करायलात? सांगा, मी करते."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला.

"घ्या. उत्प्रेरकात निकेलचे अणू, चौसष्ट."

प्रियंकानं ते टाइप केलं आणि मान वर केली.

"अर्ज कुणाच्या नावानं, सर?"