डाव्या हाताची टाळी

आमच्या ह्यांना भुतांचा भारी राग. भूत नाहीच म्हणता, मग राग कुणाचा, असं मी विचारलं की म्हणायचे, "भुताचा नाही, भूत दाखवणाऱ्याचा." आमच्या बूढ़ापारा वस्तीत कुणाच्या अंगात आलं, कुणाच्या दारात टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं, की तुळशीरामभाऊंना, म्हणजे ह्यांना, बोलावणं ठरलेलं. हे जायचे, लिंबू उचलायचे, टाचण्या काढून स्वच्छ धुवायचे आणि त्याच घरातली साखर मागून त्याचं सरबत करून प्यायचे. मग घरी येऊन मला सगळी हकीगत रंगवून सांगायची आणि शेवटी डावा हात पुढे करायचा, "दे टाळी!"

माणूस डावखुरा. लिहिणं, पाना फिरवणं, भाकरी मोडणं, सगळं डाव्यानं. टाळी तर हमखास डाव्यानं. विनोद स्वतः करायचा, आधी स्वतःच हसायचं आणि टाळी मात्र माझ्याकडून मागायची. पिठाच्या हातानं, साबणाच्या हातानं, ऑफिसला उशीर होत असताना मी किती टाळ्या दिल्या असतील, आणि चिडलेही किती असेन. पण खरं सांगते, नवी नवरी म्हणून आले तेव्हा या माणसाचं मला पहिल्यांदा जे आवडलं ते हेच.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि त्याच्या पुढच्या वर्षी भनपुरीच्या कारखान्यात मशीनच्या पट्ट्यात ह्यांचा डावा हात गेला. मनगटाच्या वरून काढावा लागला. ते दिवस मी इथे सांगत बसत नाही. जखम भरली, कारखान्यानं स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं, हे उजव्या हातानं सही करायला शिकले. टाळी मात्र बंद झाली. कुणी काही गमतीचं बोललं तर हसायचे, पण डावी बाही हळूच पाठीमागे न्यायचे. आणि लिंबूवाल्यांकडे जाणंही थांबलं. मला वाटलं, दुःख आहे, वेळ लागेल.

एका रविवारी दुपारी मी छतावरचे कपडे काढून खाली आले, तर हे खिडकीकडे तोंड करून बसलेले. डाव्या बाहीच्या पुढे, जिथे काहीच नाही तिथे, उजव्या हातानं काहीतरी सोडवत होते. वळलेल्या मुठीचं एकेक बोट सरळ करावं, तसं. कपाळावर घाम.

"काय करून राहिले?"

"मच्छर," हे म्हणाले.

बूढ़ा तलावाजवळ आमची उमर गेली. तिथले मच्छर मला चांगले ठाऊक आहेत, ते असे बोटं धरून येत नाहीत. मी कपड्यांचा ढीग खाटेवर टाकला आणि समोर जाऊन बसले. म्हटलं, आता खरं सांगितल्याशिवाय चहा नाही.

"मूठ वळली हाय," हे खाली मान घालून म्हणाले. "डाव्याची. नखं तळव्यात रुतून राहिली. किती बी करा, सुटतच नाही."

"कोणत्या डाव्याची?"

"तोच तं घोळ हाय ना!"

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. हे चिडले. मग आवाज उतरवून म्हणाले, "कोनाले सांगू नको, शेवंते. लोक म्हनतील, आयुष्यभर यानं दुसऱ्याची भुतं हाकलली, आता याच्याच हाताचं भूत झालं. मंग कोन ऐकन माह्यं?"

म्हणजे इतके महिने हे त्या दुखण्याला घेऊन गप्प बसले होते, आणि दुखण्यापेक्षा धास्ती होती ती शब्दाची. हे दुखणं खरं म्हणावं तर भूत मानल्यासारखं, खोटं म्हणावं तर नखं रुततात. मी कुणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ह्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. संध्याकाळी चेतना घरी आली आणि मी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

चेतना आमची मुलगी. समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपी करते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. मला वाटलं होतं ऐकून घाबरेल, तर पोरीचा चेहरा उजळला.

"आई, ये कोई भूत-वूत नहीं है. जिनका हाथ जाता है, उनमें बहुतों को होता है. बाबा ने बताया क्यों नहीं?"

मी परातीत कणीक घेतली होती. तिनं पाणी घालू दिलं नाही. त्या कोरड्या पिठात बोटानं एक गोळा काढला, गोळ्याला चहूकडे बारीक फांद्या, आणि एका बाजूनं लांबच लांब शेपूट. "ये न्यूरॉन. फांद्यांनी ऐकतो, शेपटीनं बोलतो," असं तिनं हिंदीत सांगितलं. सगळ्या शरीरात अशा पेशींचं जाळं विणलेलं. काहींची शेपूट कणभर, तर एखादीची पाठीच्या कण्यापासून थेट करंगळीच्या टोकापर्यंत, मधे जोड नाही. शेपटीतून निरोप विजेसारखा पळतो. पण शेपटीचं टोक पुढच्या पेशीला टेकत नाही, मधे अगदी बारीक फट असते. तिथे आल्यावर वीज थांबते, टोकातून रसायनाचे थेंब सुटतात, ते फट ओलांडतात, की पुढची पेशी जागी होते.

"म्हणजे आमच्या ऑफिससारखंच की," मी म्हटलं. मी आवक-जावक शाखेत आहे. "टेबलाला टेबल टेकत नाही. कागद पुढे जायचा तर मधे शिपाई लागतो."

"हाँ आई, वही समझ लो. अब सुनो. बाबा का हाथ गया, पर रीढ़ से कलाई के ऊपर तक की नसें ज़िंदा हैं. और दिमाग़ में हाथ का जो हिस्सा है, वो तो खुला ही है."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पोळपाट बाजूला सरकवला.

आमच्या खात्याचं मोठं ऑफिस भोपाळला होतं. राज्य वेगळं झालं, आमच्या फायली ट्रकात भरून रायपूरला आल्या. पण तिकडच्या एका टेबलावरच्या बाबूला ते कुणी सांगितलंच नसावं. तो आपला दर महिन्याला आम्हांला लिहायचा, माहिती पाठवा. आमचं त्याच्याशी नातं संपलेलं, आम्ही कशाला उत्तर देतो? मग त्याचं स्मरणपत्र यायचं. मग कडक स्मरणपत्र. मग लाल शाईत, खाली दोन रेघा मारून. बिचारा खोटा नव्हता, त्याचं टेबल खरंच होतं. फक्त या बाजूनं उत्तर जात नव्हतं.

"तसंच होय का गं? मेंदू म्हणतो मूठ वळ. हात असता तर कळवलं असतं, वळली, आता पुरे. हातच नाही, उत्तर नाही, म्हणून मेंदू आणखी जोरात लिहितो, वळ, वळ!"

चेतनानं पिठाच्या हातांनी माझे गाल धरले. "आई, डॉक्टर लोगों का भी कुछ ऐसा ही अंदाज़ा है. पूरा किसी को नहीं पता. पर बाबा का तंत्रिका तंत्र ज़िंदा है, इसीलिए तो—"

"तंत्र?"

दारात हे उभे. चेहरा लालबुंद. "या घरात तंत्र? माह्या बापानं नागपूरले दीक्षा घेतली, आन् माही पोट्टी स्वयंपाकघरात पीठ सांडून तंत्र करून राहिली?"

परातीतलं ते चित्र पाहता ह्यांचाही दोष नव्हता. गोळा, फांद्या, शेपूट. झाडफूक करणारा बैगा अंगणात जे काढतो त्यापेक्षा फार वेगळं दिसत नव्हतं.

"बाबा! तंत्रिका मतलब नस! तंत्रिका तंत्र मतलब नसों का पूरा जाल!"

"मंग नस म्हन ना! सरकारी हिंदी काहून बोलून राहिली?" हे म्हणाले, आणि मग एकदम माझ्याकडे वळले. "सांगितलंस ना हिले?"

मी परातीत पाणी ओतलं आणि कणीक मळायला घेतली. अशा वेळी हात कामात असलेले बरे.

पुढच्या रविवारी चेतनानं टीव्हीचा रिकामा खोका आणला. वरचं झाकण कापलं आणि मधोमध माझा वेणीफणीचा आरसा उभा केला. डावा हात आरशाच्या मागे ठेवायचा, उजवा पुढे, आणि आरशात पाहायचं. उजव्याचं प्रतिबिंब बरोबर डाव्याच्या जागी दिसतं. ती म्हणाली, सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आला तरी रोज करावं लागेल.

ह्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि हाताची घडी घालायला गेले, ती जमली नाही म्हणून आणखी चिडले. "बैगा बी आरसाच दाखवते. आरशात चोर दाखवनाऱ्या बाबाले मी भर चौकात उघडा पाडला, ठाऊक हाय ना? आता मी आरशात हात पाहू?"

आता मात्र मला राग आला. इतके महिने नखं रुतवून घेतली माणसानं, आणि उपाय दारात आला तर अभिमान आडवा येतो. म्हटलं, "लोकांना काय सांगत फिरता तुम्ही? कुणी सांगितलं म्हणून मानू नका, या, स्वतः पाहा, मग ठरवा. वंदनेतही आपण रोज तेच म्हणतो. त्या बाबाचा आरसा तुम्ही तपासला तेव्हाच फोडला ना? मग हाही तपासा. खोटा निघाला तर फोडा. माझा आहे, मी काही म्हणणार नाही."

ह्यांनी आरशाच्या मागून बोटं फिरवून पाहिली. मग म्हणाले, "खिडकी लाव. मंग पाह्यतो."

मी खिडकी लावली. ह्यांनी डावी बाही वर सारून हात आरशामागे घातला, उजवा पुढे ठेवला आणि वाकून पाहिलं. पाहतच राहिले.

"आला," अगदी हळू म्हणाले.

"कोण?"

"हात."

चेतना ह्यांच्या खांद्याशी उभी होती. "बाबा, अब दोनों मुट्ठी बंद करो. दोनों. नज़र शीशे में. अब धीरे-धीरे दोनों खोलो."

उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडली. आरशात डाव्याचीही उलगडली. ह्यांच्या कपाळावरची शीर, जी मला वाटायचं वयानं आली, ती माझ्या डोळ्यांदेखत गेली.

"उघडून राहिली," हे म्हणाले. मग ओरडलेच, "शेवंते, उघडून राहिली! नखं निंगाली बाहेर!"

मी ढसाढसा रडले. हे नव्या खेळण्यासारखी मूठ मिटत होते, उघडत होते, आणि दर वेळी "पाह्य, पाह्य" म्हणत होते. लाल शाईतल्या त्या बाबूला शेवटी उत्तर गेलं होतं. हाताच्या टपालानं नाही, डोळ्यांच्या टपालानं, पण गेलं होतं.

मी खिडकी लावली होती, दार नव्हतं लावलं. समोरच्या कलावतीबाई विरजणाला वाटी घेऊन नेहमीसारख्या थेट आत आल्या. या त्याच, ज्यांच्या दारातलं लिंबू-मिरची काढायला ह्यांनी सांगून सांगून जीभ झिजवली होती. त्यांनी आरशात पाहिलं आणि वाटी हातातून सुटली.

"अगं माय! भाऊचा हात! हे कायचं भूत होय?"

चेतनानं झटकन खाटेवरची चादर ओढली, खोका झाकायला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ज्या एका शब्दासाठी माणूस इतके महिने तळमळला, तो भर घरात पडला होता, आणि उद्या सकाळपर्यंत तो पाऱ्यात सगळीकडे जाणार होता.

"राहू दे, चेतना," हे म्हणाले. "बसा, कलावतीबाई. हव, भूतच होय. माह्या हाताचं. या, जवळून पाहा."

आणि मग ह्यांनी त्या बाईंना सगळं समजावलं. गोळा, फांद्या, शेपूट, मधली फट, शिपाई, भोपाळचा बाबू. बाबू तर असा रंगवला, जसं काही आवक-जावकमध्ये मी नाही, हेच बसतात. कलावतीबाई आरशाच्या पुढे पाहत, मागे पाहत. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे भूत बाहेर नसते, डोक्यात असते म्हना ना."

"पाहा! मी इतकी वर्षं सांगून थकलो, आरशानं एका झटक्यात सांगितलं."

"मंग भाऊ, माह्या दारच्या लिंबाचं काय करू?"

"घेऊन या. साखर आमची."

चेतना खुदकन हसली, कलावतीबाई हसल्या, आणि हे तर असे हसले, की तो आवाज मी घरात कधीपासून ऐकला नव्हता. हसता हसता आरशात पाहतच ह्यांनी पंजा वर केला.

"दे टाळी!"

मी दिली. उजव्यावरच दिली, दुसरा होता कुठे? पण आरशात ती डाव्यावर पडली. हे आरशाकडे बघतच राहिले.

"काय झालं? लागलं का?" मी घाबरून विचारलं.

"लागली," हे म्हणाले. डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "डाव्याले लागली, शेवंते. आनखी एक दे."