राखीव टेनर

टेनर म्हणजे ऑपेरातला पुरुषांचा सगळ्यात चढा आवाज. नायक तोच, प्रियकर तोच आणि शेवटच्या अंकात छातीत सुरा घुसलेला असताना दहा मिनिटं गाणारा माणूसही तोच. आपल्या गोष्टीतल्या टेनरला मात्र बारा वर्षांत एकदाही मरायची संधी मिळाली नव्हती. नाट्यगृहात त्याला सगळे ‘राखीव’ म्हणत. मुख्य टेनर आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायचं, ही त्याची नोकरी; आणि मुख्य टेनरची प्रकृती रेड्यासारखी.

शिक्षण रीतसर झालं होतं. एका निवृत्त गायिकेकडे तो आठ वर्षं शिकला. तिला सगळे बाईच म्हणत. पहिली दोन वर्षं बाईंनी गाणं दिलंच नाही. उताणं झोपवून पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवायच्या आणि नुसत्या श्वासाने तो वर उचलायला लावायच्या. दोन खंड उचलता यायला लागले तेव्हा पहिला सूर मिळाला, आणि त्याबरोबर दोन नियम. आवाज जपायचा: थंड प्यायचं नाही, वाऱ्यात बोलायचं नाही, भांडायचंच असेल तर पाटीवर लिहून भांडायचं. आणि इशारा झाल्याशिवाय रंगमंचावर पाऊल टाकायचं नाही. विंगेत दोन दिवे असतात. तांबडा म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे जा. हिरवा लागायच्या आत जो बाहेर गेला तो गवई नव्हे, घुसखोर, असं बाई सांगत.

नियम त्याने इतके पाळले की घरच्यांना त्याचं गाणं कधी ऐकायलाच मिळालं नाही. बहिणीच्या लग्नात पाहुण्यांनी फार आग्रह केला तेव्हा त्याने नुसतं घशाकडे बोट दाखवून मान हलवली. नव्या जावयाची बरेच दिवस समजूत होती की मेहुणा मुका आहे.

बाबा बॉयलर मेकॅनिक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला लावायचे, मूठ कानाला, आणि आतली कुठली झडप खोकतेय ते अचूक सांगायचे. मुलाचं त्यांनी एवढंच ऐकलं होतं: रोज सकाळी न्हाणीघराच्या भिंतीपलीकडून चढत-उतरत जाणारं आ-आ-आ. दर वर्षी एकदा ते विचारत, कधी गाणार रे तू? राखीव म्हणे, बघू. आता बाबा ऐंशीला टेकले होते आणि राखीवचं मागणं एकच उरलं होतं: त्यांनी आपल्याला एकदा उजेडात उभं राहून गाताना बघावं. मुख्य टेनरला सर्दी व्हावी म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता.

देव भिजून भिजून कंटाळले असावेत. एका रविवारी, दुपारच्या खेळाआधी, मुख्य टेनरचा आवाज बसला. राखीवने पहिला फोन घरी केला. बाबा लग्नातला कोट घालून पहिल्या रांगेत येऊन बसले.

पुरती बातमी मागून आली. आवाज बसला होता, पाय शाबूत होते. लोक चेहरा बघायला येतात असं व्यवस्थापकांचं मत पडलं. तेव्हा मुख्य टेनरने समोर ओठ हलवायचे आणि राखीवने विंगेतल्या काळ्या कापडामागे उभं राहून गायचं. अडचण आली की असं करतातही. फक्त रीत अशी, की पडदा उघडण्याआधी प्रेक्षकांना सांगायचं. मुख्य टेनरने यावर एक चिठ्ठी लिहिली. आधी सांगितलं तर रसभंग होईल, शेवटी मी स्वतः हात धरून त्याला पुढे आणीन. व्यवस्थापकांना हे फार उदार वाटलं. हिरवा दिवा लागला की राखीवने बाहेर यायचं, असं ठरलं.

राखीव गायला. कसा गायला ते इथेच सांगून टाकतो, कारण नंतर कुणी सांगितलं नाही. बारा वर्षांचं साठलेलं त्या दुपारी निघालं. मुख्य टेनर सुरा लागून पडला, आणि त्याच्या हलत्या ओठांवर राखीवने तो सगळ्यात वरचा सूर असा काही धरला की वाद्यवृंदातला ढोलवाला पान उलटायचं विसरला.

टाळ्या सुरू झाल्या. मेलेला टेनर उठला, वाकला, पुन्हा वाकला, छातीवर हात ठेवून फुलं झेलली. विंगेत तांबडा दिवा जळत होता. कापडाच्या फटीतून राखीवला पहिली रांग दिसत होती. अख्खं सभागृह उभं, बाबा एकटे बसलेले, हात काठीवर. आणि ते मुख्य टेनरकडे बघत नव्हते, काळ्या कापडाकडे बघत होते. चार पावलांचं अंतर. राखीवने उजवा पाय उचललाही. मग दिव्याकडे बघितलं आणि होता तिथे ठेवला. सहाव्यांदा वाकून मुख्य टेनर समोरच्या विंगेतून निघून गेला.

घरी जाताना बाबा काठी टेकत पुढे चालले होते. निम्म्या वाटेत राखीवनेच विषय काढला.

“तुम्ही टाळ्या नाही वाजवल्या.”

“कुणाला वाजवू? तो पुढचा नुसतं तोंड उघडत होता. आवाज डावीकडून येत होता. तुझा आवाज मी वीस वर्षं भिंतीपलीकडूनच ऐकतोय रे. म्हटलं, आता येईल बाहेर. उभं राहायला काठी धरून बसलो होतो.”

“दिवा लागला नाही, बाबा.”

कुठला दिवा, असं त्यांनी विचारलं. राखीवने तांबडा, हिरवा, बाईंचा नियम, सगळं समजावून सांगितलं. बिघडलेल्या यंत्राची तक्रार ऐकावी तसं बाबांनी ते ऐकून घेतलं.

“आमच्यात दिवा लागला नाही तर झडप हाताने उघडतात,” ते म्हणाले. “नाहीतर बॉयलर फुटतो.”

राखीव फुटला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की मुख्य टेनरच्या आवाजाला या वयात नवीच झळाळी आली आहे. मुख्य टेनरचा घसाही त्यानंतर वरचेवर बसू लागला. व्यवस्थापकांनी राखीवला आत बोलावून पाठ थोपटली आणि काळ्या कापडामागे त्याच्यासाठी एक स्टूल टाकून दिलं.

पुढे दोनदा त्याने बाबांना पास नेऊन दिला. दोन्ही वेळा त्यांनी एवढंच विचारलं, “दिवा दुरुस्त केला का रे त्यांनी?” आणि उत्तराची वाट न बघता पास चहाच्या डब्याखाली सरकवला.