आतली आई

सुयश बोलायला लागला तेव्हापासून त्याला दोन आया होत्या. एक बाहेरची आणि एक आतली.

घर जळोचीत होतं, बारामतीच्या कडेला, दोनच खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाट, टीव्ही आणि भिंतीवर बुद्धाचा नि बाबासाहेबांचा फोटो. आतल्या खोलीत भांडी, कपाट आणि जमिनीवरच अंथरलेली गादी. आई, करुणा, बारामतीत एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. सकाळची पाळी करून ती दुपारी घरी यायची ती नाक पुसत, जांभया देत, घामानं भिजलेली. चपला काढता काढता पोरांवर खेकसायची. ही बाहेरची आई. मग ती आतल्या खोलीत जायची आणि कडी लावून घ्यायची. आतून टक् असा बारीक आवाज यायचा, काचेचं काहीतरी मोडल्यासारखा. थोड्या वेळानं कडी निघायची. दारात उभी असायची ती मऊ आवाजाची, हळू चालणारी, डोळे अर्धे मिटलेली बाई. सुयश धावत जाऊन तिच्या मांडीवर पडायचा. ही आतली आई. ती कधीच रागवायची नाही.

सुयशच्या जन्माच्या वेळी करुणाचं पोट चिरावं लागलं होतं. दुखणं थांबवायचं इंजेक्शन तिच्याच दवाखान्यातल्या मैत्रिणीनं दिलं. जखम भरली, टाके निघाले, दुखणं गेलं. इंजेक्शन राहिलं. आता सुयश पाचव्या वर्षात होता आणि त्याची थोरली बहीण तेजश्री सहावीत. "आईला डोकेदुखीचं औषध लागतं," एवढंच तेजश्रीला सांगितलेलं होतं, आणि ती तेवढंच दुसऱ्यांना सांगायची.

एकदा शनिवारी तेजश्री शाळेतून लवकर आली. ऊन नुसतं पांढरं झालं होतं. सुयश ओट्यावर मुंग्यांना साखर घालत बसला होता. तेजश्री आत गेली. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा उजवा हात हवेत हलत होता. गादीपासून वीतभर वर, पुढं, मागं, पुढं, मागं. मांडीजवळ झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. तिथं कुणी नव्हतं.

"आई," तेजश्री म्हणाली.

"हळू बोल गं. आत्ताच झोपलाय."

तेजश्रीनं दाराकडं पाहिलं. सुयश बाहेर मुंग्यांशी बोलत होता. तिनं पुन्हा गादीकडं पाहिलं. त्या हाताखाली काहीतरी असायला पाहिजे असं तिला वाटलं. तिनं उशी उचलली आणि अलगद सरकवली. हात उशीवर टेकला आणि तसाच फिरत राहिला.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर रोज घरी आल्यावर ती आधी सुयश कुठं आहे ते बघायची आणि मगच आत जायची.

वडील, बुद्धभूषण, इंदापूरला पंचायत समितीत कारकून होते. सकाळच्या एस.टी.नं जायचे, दिवेलागणीला यायचे. बायको थकते, पाळ्या वाईट असतात, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मग त्या उन्हाळ्यात त्यांना एक भलतीच गोष्ट दिसली. भर दुपारी ते चहाला कचेरीबाहेर पडले. स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानाजवळ, उन्हात, पांढऱ्या साडीतली एक नर्स उभी होती. सावलीत जायला जागा होती, तरी ती उन्हातच उभी होती. चेहरा करुणाचा. ते रस्ता ओलांडून जवळ गेले.

"करुणा? तू हितं कशी?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. म्हणजे ते होते त्या बाजूला पाहिलं. ओळखीचं काही डोळ्यांत आलं नाही. मग ती वळली आणि स्टँडवरच्या गर्दीत शिरली.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा करुणा भाकरी थापत होती.

"आज ड्यूटी होती?"

"होती की. का?"

"काही नाही."

बुद्धभूषण भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांच्या आईनं, ताईबाईनं, छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच घरातले टाक आणि ताईत विहिरीत टाकले होते. तरी ते पुढं कितीतरी दिवस दुपारी कचेरीबाहेर पडले नाहीत. एकाच बाईला दोन ठिकाणी पाहिल्याचं कुणाला सांगायचं?

शेजारच्या साखरबाईला मात्र सांगायला काहीच अडचण नव्हती. एकदा करुणा कामावरून आली तेव्हा सुयश साखरबाईच्या दारात खेळत होता. "आई आली बघ तुझी," साखरबाई म्हणाली. सुयशनं मान वर करून पाहिलं.

"ही बाहेरची हाय," तो म्हणाला. "आतली अजून यायचीय."

साखरबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. लेकराला दिसतं, असं ती सगळ्या गल्लीत सांगत सुटली. करुणाला बाहेरचं लागलंय, तिच्या अंगावर दुसरीच कुणी हाय. शेवटी ती बुद्धभूषणांनाच म्हणाली, "भाऊजी, सुप्याकडं बाहेरचं काढणारा एक जाणता हाय. दाखवून तर आणा."

हे गावी, अंथुर्ण्यात, ताईबाईच्या कानावर गेलं आणि ती दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन आली. "जाणता-बिणता काय न्हाय," ती मुलाला म्हणाली. "बाईला रोग हाय. पर कसला, ते मला बघू दे." ती दोन दिवस बाहेरच्या खोलीत बसून राहिली. आतून टक् आवाज आला की तिची मान तिकडं वळायची. तिसऱ्या दिवशी करुणाला ताप भरला आणि तिला उठवेना. ताईबाईनं तिचं लुगडं बदलायला घेतलं. तेजश्री पाणी घेऊन उभी होती.

करुणाच्या मांड्या माणसाच्या नव्हत्या. कातडी काळी, चकचकीत, बाभळीच्या बुंध्यासारखी टणक झाली होती. तिच्यावर बारीक खड्डे होते आणि एका ठिकाणी खोल जखम पू धरून बसली होती. ताईबाईनं बोटानं दाबून पाहिलं. बोट रुतलं नाही.

"तेजू, बाहीर जा," ती म्हणाली.

तेजश्री गेली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि कपाटाखाली हात घातला. आईचे जुने बूट तिथं होते. बुटांत काचेच्या मोडक्या नळ्या ठासून भरल्या होत्या. तिनं ते बूट आज्जीपुढं ठेवले. आपल्याला हे माहीत होतं, हे तिलाही तेव्हाच कळलं.

मग सगळं एकामागून एक बाहेर आलं. दवाखान्यातली नोकरी केव्हाच सुटली होती. ऑपरेशन झालेल्या बाया इंजेक्शन घेऊनही कण्हत राहतात, हे मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं होतं. त्या बायांना नुसतं पाणी टोचलं जात होतं, खरं औषध करुणा स्वतः घेत होती. पोलिसांत न जाता डॉक्टरीणबाईंनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. तरी ती रोज पांढरी साडी नेसून घरातून निघत होती. औषधाची ओळखीची दुकानं संपली की पुढच्या गावी जायची. बुद्धभूषणांनी इंदापूरला पाहिली ती करुणाच होती. हे कळल्यावर ते ओट्यावर जाऊन बसले आणि रडले. रडण्यात थोडी सुटकाही होती.

जखमेवर बारामतीतच उपचार झाले. तिथल्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. करुणा तिथं पावसाळाभर राहिली. ताईबाई पोरांपाशी थांबली. सुयश रोज दुपारी आतल्या खोलीच्या दाराला कान लावून बसायचा.

करुणा परत आली ती दिवाळीच्या आधी. बारीक झाली होती, पण ताठ चालत होती. डोळे पूर्ण उघडे होते. रिक्षातून उतरल्या उतरल्या तिनं तेजश्रीच्या वेणीचा गुंता पाहिला, साखरबाईला नमस्कार केला, आणि सुयशला उचलायला खाली वाकली.

तो आज्जीच्या मागं गेला.

"अरे, आई हाय तुजी," ताईबाई म्हणाली.

"न्हाय. ही बाहेरची हाय." त्यानं करुणाकडं नीट पाहिलं. तो घाबरलेला नव्हता. "आतली कधी येणार?" त्यानं तिलाच विचारलं.

पहिले काही दिवस सगळे हसण्यावारी नेत होते. पण तो तिच्या हातचं जेवेना. ती जवळ आली की अंग चोरायचा. तिला तो मावशी म्हणू लागला. जन्मल्यापासून ज्या कुशीत तो झोपला होता ती त्याला आता मिळत नव्हती, आणि ही भराभर चालणारी, स्पष्ट बोलणारी, त्याच्या चुका दाखवणारी बाई त्यानं कधी पाहिलीच नव्हती. दुपार झाली की तो आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसायचा आणि गादीवरून हात फिरवायचा. पुढं, मागं. करुणा ते बघून बाहेर येऊन उभी राहायची.

"आत्या, ह्याला मी नकोय," ती एकदा सासूला म्हणाली. "ह्याला ती हवीय."

"इसरंल. लेकरू हाय."

पण तो विसरला नाही. मग एके दिवशी तेजश्री शाळेतून आली तर घर शांत होतं. आज्जी दळण आणायला गेली होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं. आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ सैल सुटलेला. सुयश तिच्या मांडीवर होता. आईचा हात त्याच्या पाठीवरून जात होता.

"आतली आली," सुयश कुजबुजला. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू होतं.

तेजश्रीनं दप्तर टाकलं. तिनं कपाटाखाली हात घातला, गादी उचकटली, तांदळाचा डबा ढवळला. काहीच मिळालं नाही.

"नुसती बसलेय, तेजू," आई डोळे न उघडता म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "त्याच्यासाठी. काही घेतलं नाही मी." आणि मग पुन्हा त्या जुन्या, मऊ, ओढलेल्या आवाजात, "झोप रे माझ्या राजा."

त्या दोन आवाजांमध्ये आईनं श्वाससुद्धा घेतला नव्हता.

मग हे रोजचं झालं. आई काम आवरायची, आत जायची, आणि दारात ती दुसरी दिसायची. सुयश जेवू लागला, अंगानं भरू लागला. तेजश्रीनं वडिलांना सांगितलं तेव्हा करुणानं न लाजता मांड्या दाखवल्या. नवी खूण नव्हती. "पोराला सवय मोडेपर्यंत," ती म्हणाली. बुद्धभूषणांना ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. तेजश्रीला पटत नव्हतं आणि का ते सांगताही येत नव्हतं. दार उघडून जी यायची तिचं सोंग फार चांगलं होतं.

त्या दुपारी साखरबाईकडं पाहुणे आले होते आणि सुयश तिकडं खेळायला गेला होता. ताईबाई आणि तेजश्री लसूण सोलत बसल्या होत्या. घरात जराही आवाज नव्हता. ताईबाईनं सुनेला हाक मारली. मग पुन्हा मारली. मग ती उठली.

करुणा गादीवर होती. डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत, पुढं, मागं. सोंग बघायला तिथं कुणीही नव्हतं.

ताईबाईनं तिच्या गालावर एक चापट मारली, जोरात नाही. हात थांबला. करुणानं वर पाहिलं आणि तिला जाग यायला वेळ लागला.

"काय घेतलं?"

"काहीच नाही, आत्या. शपथ." ती पदर सावरून बसली. "आधी त्याच्यासाठी बसायचे. आता बसलं की ते आपोआप येतं. औषधाशिवाय येतं. मी वाट बघत असते दुपारची."

"कोण येतं?"

करुणानं दाराकडं पाहिलं.

ताईबाई बाहेर गेली. साखरबाईकडून पाना आणि हातोडी घेऊन आली. तिनं बिजागरीचे खिळे उचकटले. तेजश्रीनं फळी धरली. दोघींनी मिळून आतल्या खोलीचं दार काढलं आणि मागच्या भिंतीला उभं केलं. खाट आत गेली, गादी बाहेर आली. करुणा बघत उभी होती. मग तीही पुढं झाली आणि कपाट हलवायला तिनं हात लावला.

सुयश आला आणि मोकळ्या चौकटीसमोर थांबला. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मग त्यानं जे रडणं सुरू केलं ते दिवेलागण झाली तरी थांबलं नाही. कुणीतरी मेल्यासारखं रडणं. "आतली कुठं गेली? तुमी तिला कुठं टाकलं?" करुणा त्याच्याजवळ बसून राहिली. डोळे उघडे, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. त्याला थोपटायला हात पुढं केला तर तो हात आपलं ऐकणार नाही, असं तिला वाटत होतं.

"ती गेली, बाळा," ती म्हणाली. "मी हाय."

"तू नको," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी ते अंथुर्ण्याला राहायला गेले. तिथलं घर एकाच लांब खोलीचं होतं. करुणा शिवणकाम करू लागली. दवाखान्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं तिनं स्वतःच ठरवलं. ती पुन्हा घसरली नाही, निदान सुया घेऊन नाही. मांड्यांची कातडी मात्र तशीच राहिली आणि थंडीत चालताना ती लंगडायची.

सुयश शाळेत जाऊ लागला. गुरुजींनी आईचं नाव विचारलं तर करुणा असं बरोबर सांगायचा. घरी तिला हाक मारायची वेळ आली की तो उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि ती वर बघेपर्यंत थांबायचा. नुसता तिचे डोळे बघायचा, आधी एक, मग दुसरा. मग काय हवं ते सांगायचा. मशीन थांबवून करुणा त्याला हवा तेवढा वेळ बघू द्यायची.