एका बाहीचं झबलं

पेरूच्या झाडाखाली दोन छोटे क्रूस.

सेनोबियाआत्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. उजव्यात त्याहून जास्त.

मायाग्वेस शहरातल्या अडत्याची खेचरगाडी, शनिवारी, कॉफी उकळायच्या वेळेला.

टाचणीने भिंतीला लावलेली एक बाही.

आता सलग. आमच्या बेटावर अमेरिकन आल्यापासून आमच्या घरी उत्तरेकडच्या दुकानांसाठी तान्ह्या बाळांची झबली शिवली जात. गळा माझी वहिनी लिब्राता करी, घेर मी, बाह्या आत्या. त्यासाठी आत्याला डोळ्यांची गरज नसे. बोटांनी बाहीची जागा चाचपायची, की सुई चालू.

लिब्रातेचे दिवस भरत आले होते. आधीची दोन्ही मुलं जन्मून आठवड्याच्या आत गेली. या वेळी तिचं एकच म्हणणं होतं: बाळ रडेपर्यंत त्याचं एकही कापड पुरं करायचं नाही. म्हणून बाळाचं झबलं एका बाहीवर थांबलेलं, दुसरी भिंतीवर.

शुक्रवारी ते चुकून गाडीसाठीच्या गठ्ठ्यात गेलं. आत्याच्या बोटांना बाही नसलेली जागा लागली, आणि बाह्यांची टोपली शेजारीच होती.

सकाळी लिब्रातेने पाहिलं आणि ती उंबऱ्यावर बसली.

"हे पुरं कुणी केलं?"

"मी," आत्या म्हणाली. "का, वाकडी बसली?"

लिब्राता झबल्याला हात लावेना. अडत्या बेलिसारियो आला तेव्हा म्हणाली, "ते घेऊन जा इथून."

त्याने उलटंसुलटं केलं. "गळ्याला लेस आहे. नमुन्यात लेस नाही."

"फुकट देतेय."

"फुकटचं मला फार महाग पडतं, बाई."

मी उसवायला घेतलं, तर टाका दिसेना.

"कसा दिसेल? मी घातलाय," आत्या म्हणाली. "कात्री आण."

"कापड जाईल, आत्या."

"जाऊ दे. उसवायला डोळे लागतात, कापायला नाही."

तिने खांद्याच्या पट्टीसकट बाही कापून काढली. लिब्राता त्या भोकाकडे बघत राहिली. मग उठून झबलं तिनेच उचललं.

"कॉफी द्या कुणीतरी," ती म्हणाली. "बेलिसारियो कधीचा उभा आहे."

मुलगी झाली, रडली. मी भिंतीवरची बाही काढून लावली. खांद्याला कापड कमी पडलं होतं, त्यामुळे बाप्तिस्म्याला तिचा तो हात जरा वरच राहिला. अजून आहे मुलगी. आता गळे तीच करते.

आधीच्या दोघांची झबली जन्माच्या महिनाभर अगोदर शिवून तयार होती. दोन्ही पूर्ण आत्याच्या हातची.