मापात अडून बसणारा

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो: मी मोडीत निघालेलो नाही. अकरा वर्षांत माझ्या एकाही ओळीला कुणी हात लावला नाही, एवढंच.

मला एका आत्याबाईंनी लिहिलं, बूट बनवणाऱ्या आपल्या भाच्यासाठी. एक पाय आखूड असला, तर त्या पायाच्या बुटाचा तळ किती जाड हवा, ते मी आखून देतो. कितीतरी मुलं माझ्या आखणीवर सरळ चालली. पुढे आत्या गेल्या, जुना संगणक बंद पडला आणि नव्या संगणकाच्या लिनक्स प्रणालीने मला दारातच अडवलं: "लायब्ररी सापडत नाही." लायब्ररी म्हणजे आम्हा प्रोग्रॅमना लागणारी तयार गणितं. माझी फार जुनी होती.

संगणक त्या भाच्याची, म्हणजे आता बूटवाल्यांची, सून बघायची. समोर सात वर्षांची मुलगी बसलेली, एक पाय आखूड. तिचे बूट लहान झाले होते, आणि सोमवारपासून नवी शाळा.

घाईघाईत सुनेने नव्या लायब्ररीलाच जुनीचं नाव दिलं. मी सुरू झालो, गणित केलं आणि थांबलो. "माप जुळत नाही. पुन्हा मोजा."

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"बाबा, हा हटूनच बसलाय," सून सासऱ्यांना म्हणाली. "ती तपासणीची ओळच उडवू का?"

"अगं, नको! आत्या अशीच होती. ती नाही म्हणाली, की आपलंच काहीतरी चुकलेलं असायचं."

मुलीने विचारलं, "माझा पाय चुकलाय का?"

"नाही गं राणी." सुनेने नवी लायब्ररी उघडून पाहिली. "मीच चुकले. ह्याच्या गळ्यात तोतया बांधला."

नवी लायब्ररी इंचात मोजत होती, मी मिलिमीटरमध्ये!

सुनेने खरी जुनी लायब्ररी शोधून माझ्याच फोल्डरमध्ये ठेवली, इतरांना त्रास नको म्हणून. इंटरनेटपासूनही मला तोडलं. जुनी कुलपं चोरांना ठाऊक असतात. मग मी आखलं: तेवीस मिलिमीटर.

शनिवारी मुलगी नवे बूट घालून दुकानभर चालली. मग धावली.

"ए, हळू!" बूटवाले ओरडले, पण हसत.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी गयावया करणार नाही. माझ्याहून चांगला प्रोग्रॅम लिहा, खुशाल जागा सोडेन. फक्त कुणी जुनं अडलं, तर फेकण्याआधी ते काय म्हणतंय ते वाचा. मुलांचे पाय वाढतात. पुढच्या वर्षी ती पुन्हा येईल. तोवर मी इथून हलत नाही.