गोधडी उसवली

विहाराच्या पायऱ्या चढून सुंदराबाई वर आल्या तेव्हा त्यांना बोलायलाही दम उरला नव्हता. काखेत गोधडी होती. तीन जुन्या साड्या एकावर एक घालून त्यांनी ती शिवली होती. डोळे साथ देत नव्हते. सुई नात ओवून द्यायची, टाका बोटांनी चाचपून पडायचा.

वारज्याच्या त्या विहारात म्यानमारच्या भूकंपातल्या लोकांसाठी सामान जमत होतं. भन्ते दुसऱ्या दिवशी विमानाने निघणार होते. बँकेतून सुट्टी काढून आलेली दीपाली औषधं आणि बाळांचे कपडे वजन करून बॅगांत भरत होती.

"आजी, ही नाही जायची," गोधडी हातात तोलत ती म्हणाली.

"का गं? नीट धुतलीय."

"तसं नाही हो. तिकडे उन्हाने अंगाची लाही होतेय. पांघरूण कोण घेणार? आणि विमानात वजनाचं बंधन."

"सोबत शेकोटीला लाकडंही देऊन टाका," कोपऱ्यात घड्या घालत बसलेली शालन म्हणाली. शालन त्यांच्याच चाळीतली, जिभेला हाड नसलेली.

सुंदराबाई थोड्या हसल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. लातूरकडे भूकंपात त्यांचं घर पडलं ते पावसाळ्याच्या शेवटी. घरातली माणसं गेली, तान्ही लेक उल्का तेवढी हाती लागली. मग पाऊस लागला. मदतीच्या ट्रकमधून कुणाच्या तरी घरची गोधडी आली, तिच्या उबेत पोर जगली. देणारी कोण, ते कधीच कळलं नाही. तिचं देणं कुठेतरी फेडायचं राहिलं होतं. भूकंप म्हणजे ओल आणि थंडी, हे मनात इतकं घट्ट बसलेलं की तो उन्हाळ्यातही होतो हे त्यांना सुचलंच नाही. आता नवीन काही करायचं अंगात त्राणही नव्हतं.

त्यांनी विचारलं, "मग लेकरं निजतात कुठे?"

"रस्त्याकडेला, झाडाखाली. घरात शिरायची भीती वाटते लोकांना."

"तापलेल्या जमिनीवर?"

"काय करणार?"

"कात्री दे."

सुंदराबाईंनी गोधडी मांडीवर घेतली आणि काठाचा टाका कापला.

"अहो आजी, एवढी मेहनत केलीत…"

"मेहनत माझी आहे. उसवायला तुझी सही लागते का?" त्या दोरा ओढत राहिल्या. "भूकंपानंतर राहायचो त्या पत्र्याच्या शेडमध्ये विंचू निघायचे. उल्काला मी साडीच्या झोळीत टांगून निजवायची. वाराही लागतो."

शालन उठून आली आणि दुसऱ्या टोकाकडून उसवू लागली. मधली साडी जीर्ण झालेली निघाली, ती बाजूला ठेवली. वरची आणि खालची धड होती. दीपालीने त्यांच्या घड्या बॅगेत घातल्या, बॅग पुन्हा काट्यावर ठेवली आणि मान हलवली. वजनात बसत होत्या.

"झोळी कशी बांधायची ते लिहून देऊ का?" तिने विचारलं.

"लेकरू रडायला लागलं की आईला येतं ते."

उठताना सुंदराबाईंना शालनने हात दिला. मधली साडी त्यांनी तिच्याच हातात ठेवली.

"तिकडेही पावसाळा येईल. तेव्हाची गोधडी तू शिव. माझ्याने आता होत नाही."

शालनने साडी उलटीपालटी करून पाहिली. "अस्तराला चालेल," ती म्हणाली.