तात्पुरता फोटो

भक्ती प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली, फोन दोन्ही हातांनी ताटावर आडवा धरला आणि श्वास रोखला. तरी सावली पडलीच. तिने एक पाय खुर्चीच्या हातावर ठेवला आणि अंग उजवीकडे कलतं केलं. आता सावली सोलकढीच्या वाटीपुरतीच राहिली, पण तेवढ्यात तळलेल्या सुरमईवर माशी येऊन बसली.

"गो, जेवान निवला," ईडाआंटी पडवीच्या खांबाला टेकून म्हणाली. "निवलेलां मगे तुकाच खावचां लागतलां."

"एकच मिनिट, आंटी."

"मघापासून तुजां एकच मिनिट चालू आसा."

शेजारचा रॉकी कुंपणापलीकडे होडीला रंग देत होता. सीझनमध्ये पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला नेणारी ती होडी. तो ब्रश हातात घेऊनच पडवीत आला आणि खुर्चीवरच्या भक्तीकडे मान वर करून बघत राहिला.

"माडार चडूक शीक गो," तो म्हणाला. "कसरत हीच. वर नारळ तरी गावतले."

देवबागेतल्या या घराच्या मागच्या दोन खोल्या ईडाआंटी पाहुण्यांना द्यायची. नवरा मिंगेल गेल्यापासून तिने हा उद्योग सुरू केला होता. आजवर रॉकी सांगेल ते पाहुणे यायचे. आता घराची वेबसाइट व्हायची होती, आणि ती भक्ती करत होती. खोल्यांचे फोटो झाले होते, माडांच्या मागे दिसणाऱ्या खाडीचा झाला होता, ताटाचाही अखेर झाला. राहिली होती ती एक चौकट. तिथे घरची माणसं यायची होती.

"माणसां खंय आसत?" ईडाआंटी हसली. "क्लॉडिया येतली मे महिन्यात. तेवा काढूया."

क्लॉडिया तिची एकुलती एक मुलगी. इंग्लंडमध्ये नर्स होती.

भक्ती खाली उतरून त्याच ताटावर जेवायला बसली. ईडाआंटीने भाताचा डाव पुढे केला, भक्तीने तिचं मनगट धरलं, तरी भात पडलाच, आणि दोघी हसल्या. रॉकीने टेबलावरचा भक्तीचा फोन उचलून तो क्षण टिपला. त्याच्या बोटाचा निळा रंग फोनच्या कडेला लागला. तो नंतर निघाला नाही.

घरी आल्यावर भक्तीने तो फोटो रिकाम्या चौकटीत टाकला. खरं हाती येईपर्यंत तात्पुरतं काहीतरी टाकायचं, ही तिच्या कामातली रीतच होती. रिकामी चौकट कुणालाच बघवत नाही. देवगडच्या आंबेवाल्याच्या पानावर तिने महिनाभर कुणा परक्याची बाग ठेवली होती. वालावलच्या होडीवाल्याच्या पानावर मालकाच्या जागी नुसतंच वल्हं होतं. खरं आलं की तात्पुरतं जातं. कुणाला आठवतही नाही.

मे महिन्यात क्लॉडियाची रजा रद्द झाली. मेचं नाताळ झालं. फोटो राहिला.

भक्ती कट्टा गावात राहायची, एकटी. भावाला मुलगी झाली तेव्हा आईबाबा पनवेलला गेले आणि मग तिथलेच झाले. पुण्याची नोकरी सोडून ती परत आली होती ती त्यांच्यासोबत राहायला. पण ती आली आणि ते गेले. घरात इंटरनेट चांगलं होतं. काम मिळत होतं. कामाची माणसं फोनवर बोलायची, बटण निळं करा म्हणायची, दुसऱ्या दिवशी हिरवंच बरं होतं म्हणायची. आंब्याचा हंगाम संपला, पाऊस लागला, पर्यटन बंद झालं आणि तेही फोन थांबले. जुलैतल्या एका दुपारी दुकानात दूध मागताना तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली. सकाळपासून ती कुणाशी बोललीच नव्हती. दुकानदाराने न विचारता पिशवी पुढे केली, आणि तिला वाटलं, हेही बरंच.

शनिवारी ती बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर मुलींना वेब पानं बनवायला शिकवायची. मुली हुशार होत्या. आपल्या पानाची पार्श्वभूमी गुलाबी झाली की किंचाळायच्या. एसटीचा हॉर्न ऐकू आला की मात्र वाक्य अर्धवट टाकून जिना उतरायच्या.

"मॅडम, तुमी घराक जावन काय करतास?" किशोरी नावाच्या मुलीने एकदा दप्तर उचलता उचलता विचारलं.

"वाळू बघतंय."

मुली खो खो हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. पण भक्ती खरंच वाळू बघायची. कॉलेजने मोडीत काढलेला एक सूक्ष्मदर्शक तिने घरी आणला होता. किनाऱ्याकिनाऱ्याची वाळू बाटल्यांत भरून त्यावर ती गावांची नावं लिहायची. समुद्राच्या बाजूची वाळू बघताना शिंपल्यांचे तुकडे मिळायचे, खाडीच्या बाजूची बघताना अभ्रक चमकायचं. काळे कण चुंबकाला चिकटायचे. कुठला कण डोंगरातून आला आणि कुठला समुद्रातून, हे ओळखता येतं, याचं तिला सुख व्हायचं. सांगायला मात्र बुधवारच असायचा.

बुधवारी ती स्कूटर काढून देवबागेला जायची. साइट बघायला, असं म्हणायची. साइट कुठूनही बघता येते हे ईडाआंटीला ठाऊक नव्हतं, किंवा असलं तरी तिने कधी ते काढलं नाही. त्या दिवशी ती बांगडे जास्त आणायची.

"आमी जल्मभर पायाखाली तुडवली ती वाळू," ती म्हणायची, "आणि तू भिंगान बघतंस. काय गावता तरी?"

"गारगोटी. शिंपले. लोखंडाचे कण."

"सोन्याचो गावलो तर सांग. अर्धो माझो. अंगण माझां आसा."

चतुर्थीला आईबाबा पाच दिवस येऊन गेले. गणपती पोचवून घरी परतल्यावर त्यांनी बॅगा भरल्या. दिवाळीनंतर देवबागेत पाहुणे येऊ लागले, आणि नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सांगलीचं एक जोडपं पडवीत नाश्त्याला बसलं होतं. भक्ती पायरीवर ताटलीत वाळू पसरून तिच्यावरून चुंबक फिरवत होती.

"काकू, ही तुमची मुलगी ना?" त्या बाईंनी विचारलं. "वेबसाइटवर फोटो पाहिला होता. लगेच ओळखलं मी."

ईडाआंटीच्या हातातलं उलथणं तव्यावर थांबलं.

"हो," ती म्हणाली.

"नाव काय हो?"

"भक्ती."

बाईंनी भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं, मग पायरीवरच्या भक्तीकडे.

"तिच्या पप्पांनी ठेवलं," ईडाआंटी जमेल तेवढ्या शुद्ध मराठीत म्हणाली आणि घावणा उलटला. "त्यांना सगळ्या देवांच्या जत्रा आवडायच्या."

बाईंचा नवरा मोठ्याने हसला. असाच माणूस पाहिजे, म्हणाला. भक्तीच्या चुंबकावर काळे कण काट्यांसारखे उभे राहिले होते. तिने मान वर केली नाही. एक वाक्य बोलायचं होतं, सोपं, कुणाचाच अपमान न करणारं. ते तिच्या तोंडात तयार होतं. ती वाळू फुंकत राहिली.

पाहुणे रॉकीच्या होडीवर गेले. ईडाआंटीने दोन घावणे तिच्यापुढे आणून ठेवले.

"रागावलंस?"

"नाय."

"आल्यागेल्याक सगळी कहाणी खंय सांगीत बसूची? आणि फोटो तूच लावलंस. मी सांगलेलंय?"

"तात्पुरतो आसा तो, आंटी."

"आसा तर आसा. घावणे खा."

त्या संध्याकाळी कट्ट्याला भक्तीने साइटचं आतलं पान उघडलं. फोटोखाली नाव लिहायची जागा होती, रिकामी. 'ईडा आणि वेबसाइट बनवणारी भक्ती' असं तिने लिहिलं. वाचलं. मग एकेक अक्षर पुसलं आणि पान बंद केलं. पुढच्या आठवड्यात सांगलीच्या बाईंचा अभिप्राय आला. काकू आणि त्यांची मुलगी फार प्रेमळ आहेत, असं त्यात होतं. तो तिने सगळ्यात वर ठेवला.

डिसेंबरात क्लॉडिया आली, नवरा ॲल्स्टन आणि पाच वर्षांची रोशेल यांना घेऊन. त्या बुधवारी भक्ती गेली नाही. घरची माणसं आली होती. तिने भांडी घासली, बाटल्या पुसल्या, आधीच नीट असलेला एक जुना प्रोग्राम पुन्हा नीट केला. दुपारी फोन वाजला.

"भक्ती मां? मी क्लॉडिया. फोटोचां काम होतां. येतलंस?"

पडवीत कागदी नक्षत्र टांगलं होतं. आत नाताळचं गोड कुलकुल तळल्याचा वास होता. क्लॉडियाने तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, चॉकलेटचा डबा दिला, आईकडे लक्ष दिल्याबद्दल थँक्स म्हणाली. ती बारीक होती, डोळ्यांखाली काळी, आणि बोलताना समोरच्याकडे नीट बघणारी. तिच्याबद्दल वाईट मत करून घ्यायला भक्तीने येताना वाटेत बरीच तयारी केली होती. ती सगळी वाया गेली.

"साइट बरी केलंस गो," क्लॉडिया म्हणाली. "थंय वॉर्डात सगळ्यांका दाखवलंय. कामातसून मोकळी झालंय की उघडून बघतंय. मम्मा दिसता, पडवी दिसता." ती टेबलावरचं पीठ बोटाने गोळा करू लागली. "एक नर्स विचारूक लागली, ही तुझी भैण काय म्हणान."

"मगे?"

"होय म्हटलंय. काय सांगतलंय? माझ्या आवशीचो हात धरून जेवता ती कोण, तां माकाच ठावक नाय."

आत ईडाआंटी रोशेलला काहीतरी सांगत होती. रोशेल इंग्रजीत उत्तरं देत होती.

"तो फोटो तसोच टाकलेलो," भक्ती म्हणाली. "जागा रिकामी दिसा नये म्हणान. आता तुमचो लावया. आताच काढूया."

"तुका वायट..."

"नाय, नाय. तुमी बसा. उजेड बरो आसा."

तिने सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. ईडाआंटीला मध्ये, रोशेलला तिच्या मांडीवर, क्लॉडियाला खांद्यावर हात ठेवायला सांगितलं. ॲल्स्टन दर वेळी डोळे मिटायचा. "ह्येका झोपेतच घेवन इलंय मी," क्लॉडिया म्हणाली, आणि सगळे हसले, आणि भक्तीने नेमका तोच क्षण पकडला. फोटो खरोखर चांगला आला. ईडाआंटीच्या तोंडात तिच्या नातीचे केस गेले होते.

तिथेच लॅपटॉप उघडून तिने जुना फोटो काढला आणि नवा चढवला. काम लगेच झालं. क्लॉडियाने आपल्या फोनवर पान बोटाने खाली ओढून ताजं केलं.

"इलो!" ती म्हणाली. तिने फोन छातीशी धरला, क्षणभरच. मग तेल तापलं असेल म्हणून आत गेली. तिच्या मागून ॲल्स्टन आणि रोशेलही गेली.

पडवीत दोघीच उरल्या. ईडाआंटीने गाऊनच्या खिशातून आपला फोन काढला, साइट उघडली, लांब धरून पाहिली, जवळ आणून पाहिली. मग तो भक्तीच्या हातात दिला.

पडद्यावर भाताचा डाव होता, तिचं मनगट धरलेला हात होता, दोघी हसत होत्या.

फोन एकदा पाहिलेलं चित्र स्वतःजवळ साठवून ठेवतो. पुढच्या वेळी तेच दाखवतो, नवं आलंय का हे दर वेळी विचारत नाही. म्हणून चित्र बदललं की त्याच्या फाइलीचं नावही बदलायचं असतं. मग फोनला नवं मागवावंच लागतं. शनिवारच्या मुलींना भक्ती हे पहिल्याच महिन्यात शिकवायची. आज तिने नाव तेच ठेवलं होतं.

"माज्यात कित्या बदलूक नाय?" ईडाआंटीने हळू आवाजात विचारलं.

"तुमच्या फोनान जुनो सांबाळून ठेवलो हा." भक्तीने फोन परत दिला. "क्लॉडियान केलां तसां, बोटान पान खाली ओढलां की जातलो."

"आणि नाय ओढलां तर?"

"थोडे दिस रवतलो. मगे आपसूक जातलो."

ईडाआंटीचं बोट काचेच्या जरा वर थांबलं. त्याला पिठाचा पांढरा थर होता. भक्ती लॅपटॉपच्या चार्जरची वायर गुंडाळू लागली.

"मम्मा," आतून क्लॉडियाने हाक मारली, "दिसलो मां गो फोटो?"

ईडाआंटीने बोट मागे घेतलं.

"दिसलो गो," ती मोठ्याने म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता. "बरो इलो."